दान की देणं? अमेरिकेतली एकटी आई आणि सरकारी मदतीची शंभर वर्षं

या मालेत आपण राज्यसंस्था आणि कुटुंब यांचा संबंध पाहतो आहोत. आज विषय अमेरिकेचा घेतला आहे. तिकडून ऐकणाऱ्यांपैकी काहींनी कळवलं होतं की, वेल्फेअर हा शब्द तिथे रोज कानावर पडतो, पण त्याच्या मागचा इतिहास कुणी सांगत नाही. तो आज सांगू या. प्रश्न तसा साधा आहे. घरात लहान मुलं आहेत, कमावता पुरुष नाही, उत्पन्न तुटपुंजं आहे आणि आई एकटी आहे. समाजाने तिला जे द्यायचं ते दान समजायचं की देणं?

आपल्या परंपरेत दान सत्पात्री असावं असं म्हणतात. म्हणजे देणाऱ्याने घेणाऱ्याची पात्रता पारखावी. देण्याचं, म्हणजे कर्जाचं, तसं नसतं. सावकार चांगला आहे की वाईट हे पाहून आपण कर्ज फेडत नाही. देणं आहे म्हणून फेडतो. हा फरक मनाशी ठेवा. अमेरिकेतला गेल्या शतकाचा हा सगळा झगडा या एका फरकाभोवती फिरतो.

सुरुवात करू १९०९ पासून. त्या वर्षी जानेवारीत राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी परावलंबी मुलांच्या प्रश्नावर व्हाइट हाउसमध्ये परिषद बोलावली. तोवर पद्धत अशी होती की बाप मेला आणि आईला पोसणं जमेना, की मुलं अनाथालयात. आई जिवंत असताना मूल अनाथ! परिषदेचा निष्कर्ष होता की केवळ गरिबीपायी मूल आईपासून तोडू नये. आज हे उघड वाटतं, तेव्हा ते नवीन होतं. मात्र मदत शक्यतो खासगी धर्मादाय संस्थांनी करावी असाच परिषदेचा कल होता.

दोनच वर्षांनी, १९११ मध्ये, इलिनॉय राज्याने कायदा केला आणि अशा आईला सरकारी तिजोरीतून दरमहा रक्कम देण्याची सोय झाली. मिझुरीतल्या एका काउंटीपुरता असा कायदा त्याच वर्षी थोडा आधी झाला होता, पण सबंध राज्याला लागू झालेला पहिला कायदा इलिनॉयचा. यांना मदर्स पेन्शन म्हणू लागले. पेन्शन हा शब्द मुद्दाम निवडलेला होता. शिपाई देशाची सेवा करतो म्हणून त्याला पेन्शन, तशी आई मुलं वाढवून देशाची सेवा करते म्हणून तिलाही. म्हणजे देणं, दान नव्हे. हा विचार पसरवला कुणी? स्त्रियांच्या मंडळांनी. आणि त्यांतल्या बहुतेकींना तेव्हा मताचा अधिकारही नव्हता, तो देशभर मिळाला १९२० मध्ये. विरोध केला तो मेरी रिचमंड यांच्यासारख्या संघटित धर्मादायातल्या जाणत्या मंडळींनी. सरकार पैसे वाटू लागलं तर माणसांची नीट पारख होणार नाही, ही त्यांची भीती.

इथे एक आठवण करून देतो. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या, दोनेक वर्षं राहिल्या आणि परतल्यावर १८८९ मध्ये त्यांचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत निघालं. तिथल्या स्त्रियांच्या संस्थांचं, त्यांच्या एकजुटीचं त्यांना मोठं अप्रूप. रमाबाई १८८२ मध्ये विधवा झाल्या होत्या, पदरी लहानगी मनोरमा होती. आजच्या सरकारी भाषेत त्या स्वतःच एकल माता होत्या. ज्या स्त्रीसंघटनांचं वर्णन त्यांनी केलं, त्याच परंपरेतल्या पुढच्या पिढीने मदर्स पेन्शन आणली.

पण कायदा झाला म्हणजे काम झालं असं नाही. इलिनॉयने १९१३ मध्येच आपला कायदा आवळला. नवरा मेलेला हवा किंवा कायमचा अपंग तरी. टाकून गेला असेल तर नाही, घटस्फोट झाला असेल तर नाही. इतर राज्यांतही कमीअधिक हेच. बाईचं घर 'योग्य' असलं पाहिजे. पुरुष भाडेकरू ठेवलेला चालणार नाही. पाहणीला येणारी बाई मोरीपासून चर्चपर्यंत सगळं विचारणार. १९३१ मध्ये केंद्राच्या बालविभागाने पाहणी केली तेव्हा मदत घेणाऱ्यांत सुमारे ८२ टक्के विधवा होत्या. ज्यांच्या वंशाची नोंद होती त्यांत ९६ टक्के गोऱ्या आणि ३ टक्के काळ्या. म्हणजे नाव पेन्शनचं, रीत दानाची. पात्र कोण, तर गोरी, विधवा आणि शेजाऱ्यांनी चांगलं म्हटलेली.

मग आली महामंदी आणि १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १४ ऑगस्टला त्यावर सही केली. त्याच्या चौथ्या प्रकरणात 'एड टु डिपेंडंट चिल्ड्रन' ही योजना होती. राज्याने आईच्या हाती रोख रक्कम द्यायची आणि केंद्राने त्यातला एकतृतीयांश वाटा उचलायचा. मर्यादा अशी की, पहिल्या मुलामागे महिना १८ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकामागे १२. तीन मुलं असतील तर ४२ डॉलर धरायचे, त्यातले १४ केंद्राचे. आणि आईचे? शून्य.

हे शून्य कसं आलं ते ऐकण्यासारखं आहे. हे आकडे केंटकीचे प्रतिनिधी फ्रेड व्हिन्सन यांनी माजी सैनिकांच्या पेन्शन कायद्यावरून उचलले. त्या कायद्यात मृत सैनिकाच्या पहिल्या मुलाला १८ आणि पुढच्यांना १२ डॉलर होतेच, पण खुद्द विधवेला वेगळे ३० डॉलर होते. मुलांचे आकडे उचलले आणि आईचा राहिला! चूक दाखवूनही दिली गेली, पण ती सुधारण्याइतका रस कुणाला नव्हता. पुढे हेच व्हिन्सन सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले. त्याच कायद्यात गरीब वृद्धांसाठी योजना होती. तिथे केंद्र दरडोई ३० डॉलरपर्यंतच्या रकमेचा निम्मा भार उचलत होतं. वृद्धांच्या संघटना होत्या, त्यांना मतं होती. मुलांना मतं नसतात.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे हे वाचताना कान्टची आठवण होणारच. माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये, असं तो सांगून गेला. इथे मूल साध्य आणि आई साधन. ती स्वयंपाक करणार, रात्री उठणार, तापात उशाशी बसणार, पण हिशेबात ती नाही. कागदावर मूल आपोआप वाढतं. आईच्या स्वतःच्या पोटाचा खर्च धरायला १९५० उजाडावं लागलं.

कायद्याच्या मूळ मसुद्यात आणखी एक गोष्ट होती. राज्यांनी द्यायची रक्कम आरोग्याने आणि सभ्यपणे जगता येईल इतकी असावी, अशी अट होती. दक्षिणेतल्या खासदारांनी ती काढायला लावली. काळ्या मजुराला किती द्यायचं हे वॉशिंग्टनने सांगितलेलं त्यांना नको होतं. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत घरी बसून पैसे मिळाले तर शेतावर कोण येणार, हा त्यामागचा रोकडा हिशेब.

१९३९ मध्ये एक फाटा फुटला, तो फार महत्त्वाचा आहे. विमाधारक कामगार मेला तर त्याच्या विधवेला आणि मुलांना सामाजिक विम्यातून पैसे मिळू लागले. तिथे घराची तपासणी नाही, चारित्र्याची चौकशी नाही. नवऱ्याने हप्ते भरले, हा तिचा हक्क. 'चांगल्या' विधवा अशा वेगळ्या झाल्या. शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्यांना मात्र हा विमा तेव्हा लागूच नव्हता आणि दक्षिणेतले बहुसंख्य काळे कामगार याच दोन कामांत होते. जुन्या योजनेत मग उरल्या कोण? टाकलेल्या, घटस्फोटित, लग्नाशिवाय आई झालेल्या आणि विमा नसलेल्या. १९६० च्या सुमारास तिथे विधवांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आलं होतं. एकाच देशात एकाच दुःखाला दोन दरवाजे झाले, एक हक्काचा आणि एक चौकशीचा. पुढे लोकांनी वेल्फेअर म्हणून ज्याच्या नावाने बोटं मोडली तो हा दुसरा दरवाजा.

लुइझियाना राज्याने १९६० मध्ये 'अयोग्य घर' या नावाखाली सुमारे २३,००० मुलांची मदत एका झटक्यात तोडली. बहुतेक सगळी काळी मुलं. आईला लग्नाबाहेर मूल झालं, एवढं कारण पुरलं. बातमी समुद्रापार गेली आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरातल्या स्त्रियांनी न्यू ऑर्लिन्सच्या बाळांसाठी विमानाने अन्न पाठवलं. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाला ही मदत! शेवटी जानेवारी १९६१ मध्ये केंद्राचे मंत्री आर्थर फ्लेमिंग यांनी ठरवून दिलं की मूल त्याच घरात राहत असेल तर घर अयोग्य म्हणून त्याचे पैसे तोडता येणार नाहीत. एक तर घर सुधारायला मदत करा, नाही तर मुलाची दुसरी सोय करा.

आता छाप्यांकडे येऊ. नियम असा होता की घरात धडधाकट पुरुष असेल तर मदत बंद. मग पुरुष आहे की नाही हे कळणार कसं? पहाटे जाऊन. कॅलिफोर्नियातल्या अलामीडा काउंटीत १३ जानेवारी १९६३ रोजी, रविवारी सकाळी साडेसहाला, कर्मचारी जोडीजोडीने निघाले. एक पुढच्या दाराशी, एक मागच्या. दार उघडलं की आत शिरायचं, पलंग, कपाट, न्हाणीघर बघायचं. मोहिमेचं नावसुद्धा 'बिछाना तपासणी' अशा अर्थाचं. ज्यांच्या घरी गेले त्यांतल्या बहुतेकींवर कसला संशयही नव्हता.

त्या खात्यात बेनी पॅरिश नावाचे एक अंध समाजसेवक नोकरीला होते. त्यांनी जायला नकार दिला. वॉरंट नाही, संशय नाही, मग पहाटे लोकांच्या घरात शिरायचा आपल्याला काय अधिकार, असा त्यांचा सवाल. आज्ञाभंगाबद्दल नोकरी गेली. ते कोर्टात गेले आणि १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले. न्यायालय म्हणालं की हे छापेच घटनाबाह्य होते, तेव्हा त्यांत भाग न घेणं हा गुन्हा होत नाही. शोधाशोध करायला पाठवलेल्या डोळस सहकाऱ्यांना जे दिसलं नाही, ते या माणसाला बसल्या जागी दिसलं.

दुसरा खटला अलाबामाचा. सेल्मा हे गाव नागरी हक्कांच्या मोर्च्यामुळे तुम्हांला ठाऊक असेल. तिथल्या श्रीमती सिल्व्हेस्टर स्मिथ एका खानावळीत स्वयंपाकीण आणि वाढपी म्हणून काम करत. पहाटे साडेतीन ते दुपारी बारा. आठवड्याची कमाई १६ ते २० डॉलर. घरी चार मुलं. तिघांचा बाप १९५५ मध्ये वारलेला, चौथ्याचा १९६३ मध्ये घर सोडून गेलेला. ऑक्टोबर १९६६ मध्ये त्यांची मदत बंद झाली. कारण काय, तर शनिवार-रविवारी एक गृहस्थ त्यांच्याकडे येत. अलाबामाच्या नियमाप्रमाणे असा पुरुष म्हणजे 'पर्यायी बाप'. तो मुलांना एक पैसा देतो का, देण्याची त्याच्यावर कायद्याने जबाबदारी आहे का, हे विचारायचंच नाही. या गृहस्थांना स्वतःची बायको आणि नऊ मुलं होती.

बघा, काय तर्क आहे! बाप म्हणजे मुलांना पोसणारा. म्हणून आईकडे जो येतो तो पोसणारा. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही हे उत्तर लिहिलं असतं तर आम्ही लाल शाई वापरली असती. पण या नियमाने १९६४ चा जून ते १९६७ चा जानेवारी एवढ्या काळात अलाबामात मदत मिळणाऱ्या मुलांची संख्या सुमारे १६,००० ने घटली. जून १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या निकालपत्राने, तो एकमताने रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं असं : कायद्यातला बाप म्हणजे ज्याच्यावर मुलांना पोसण्याची कायदेशीर जबाबदारी आहे तो, आणि आईच्या वागणुकीची शिक्षा मुलाला उपाशी ठेवून देता येणार नाही. तहसील कचेरीत दाखल्यांसाठी हेलपाटे घालणाऱ्या आपल्याकडच्या एखाद्या परित्यक्तेला यातलं काहीच फार परकं वाटणार नाही.

हे खटले आकाशातून पडले नव्हते. आया संघटित होत होत्या. जॉनी टिलमन यांचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, ते घ्यायला हवं. अर्कान्सामधल्या खंडकरी शेतमजुराची ही मुलगी, लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात लाँड्रीत काम करायची, सहा मुलं. आजारी पडली आणि वेल्फेअरवर आली. तिथली वागणूक पाहून तिने १९६३ मध्ये शेजारच्या बायकांची संघटना उभारली. पुढे रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या जॉर्ज वायली यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय वेल्फेअर हक्क संघटना झाली आणि टिलमनबाई तिच्या अध्यक्ष. यांची युक्ती साधी होती. सरकारी नियमपुस्तक मिळवायचं आणि त्यात जे लिहिलंय ते मागायचं. मुलांना थंडीचा कोट देण्याची तरतूद आहे ना? मग कोट द्या. शंभर बायका एकदम कचेरीत जाऊन कोट मागतात तेव्हा दान आणि देणं यांतला फरक साहेबाला लगेच कळतो. १९७२ मध्ये टिलमन यांनी एका स्त्रीवादी मासिकात लिहिलं, त्याचा आशय असा की वेल्फेअर हेही एक लग्नच आहे, फक्त नवऱ्याच्या जागी सरकार बसतं. ते घर चालवतं, शरीरावर ताबा सांगतं आणि वाटेल तेव्हा सोडून देतं. मुलं वाढवणं हे काम आहे, त्याचा मोबदला द्या, हीच त्यांची मागणी. १९११ सालचीच मागणी, पण या वेळी ती स्वतः घेणारीच्या तोंडून आली.

१९७० मध्ये न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं. गोल्डबर्ग विरुद्ध केली या खटल्यात ठरलं की आधी सुनावणी घ्या, मगच मदत थांबवा. चार्ल्स राइश या कायद्याच्या प्राध्यापकाने मांडलं होतं की सरकारकडून मिळणारे परवाने, पेन्शनी, मदत ही आजच्या काळातली नवी मालमत्ता आहे, ती मर्जीवर ठेवता येणार नाही. तो विचार इथे न्यायालयाच्या ओट्यावर आला. पण पुढच्याच वर्षी उलटं झालं. न्यूयॉर्कच्या बार्बरा जेम्स यांनी घराची तपासणी नाकारली. कचेरीत येऊन सगळी माहिती देते म्हणाल्या. न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांचा युक्तिवाद असा होता की खासगी दानधर्म करणाऱ्यालाही आपल्या पैशाचं काय होतं हे जाणून घ्यावंसं वाटतंच. आला की नाही 'दान' हा शब्द परत? आम्हांला विचाराल तर हा निकाल या सगळ्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज आहे. मनात काय आहे ते त्याने सांगून टाकलं.

पुढचं थोडक्यात. निक्सन यांनी १९६९ मध्ये चौघांच्या कुटुंबाला वर्षाला १,६०० डॉलरची किमान हमी देणारी योजना मांडली. ती प्रतिनिधिगृहात पास झाली आणि सिनेटमध्ये बुडाली. वेल्फेअर हक्कवाल्या आयांनीही ती अपुरी म्हणून विरोध केला, ५,५०० मागितले. याचा पश्चात्ताप पुढे अनेकांना झाला असावा. १९७६ च्या प्रचारात रेगन शिकागोतल्या अनेक नावांनी पैसे लाटणाऱ्या एका बाईची गोष्ट सांगत फिरले आणि सगळ्या गरीब आयांना तिचा चेहरा चिकटला. शेवटी २२ ऑगस्ट १९९६ रोजी क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली. जुनी योजना संपली, जागी टॅनफ आली. केंद्राच्या पैशातून आयुष्यात एकूण ६० महिनेच मदत, बदल्यात कामाची अट, आणि राज्यांना वर्षाला सुमारे साडेसोळा अब्ज डॉलरची ठोक रक्कम, जी महागाईप्रमाणे वाढवलेलीच नाही. त्या कायद्यात स्पष्ट कलम आहे : या योजनेखाली कुठल्याही व्यक्तीला हक्क मिळत नाही. विरोध म्हणून पीटर एडलमन यांनी सरकारातलं पद सोडलं.

परिणाम? १९९६ मध्ये मुलं असलेल्या दर १०० गरीब कुटुंबांमागे ६८ कुटुंबांना ही रोख मदत पोहोचत होती; २०२० मध्ये २१. मिसिसिपीत तिघांच्या कुटुंबाला २०२१ पर्यंत महिन्याला जास्तीत जास्त १७० डॉलर मिळत. त्याच राज्यात २०२० मध्ये लेखापरीक्षकांनी उघड केलं की या निधीतले कोट्यवधी डॉलर भलतीकडे गेले, काही तर एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉलच्या इमारतीसाठी. आईच्या कपाटात कोण लपलंय हे शोधणाऱ्या व्यवस्थेला ही इमारत दिसली नव्हती.

सगळंच आटलं असं मात्र नाही. अन्नासाठी स्नॅप, गरोदर बायका आणि तान्ह्यांसाठी विक, औषधपाण्यासाठी मेडिकेड, भाड्यासाठी घरकुलाचे व्हाउचर आणि काम करणाऱ्या गरिबांसाठी १९७५ पासूनची कमाईवरची करसवलत. आज तिथल्या एकट्या आईचा संसार यांवर टेकलेला असतो. प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, कचेरी बहुधा वेगळी. भाड्याच्या व्हाउचरसाठी तर वर्षानुवर्षं रांग असते.

एकदाच वेगळं घडलं. २०२१ च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत, मुलांसाठीच्या करसवलतीचा भाग म्हणून, सहा वर्षांखालच्या मुलामागे महिना ३०० डॉलरपर्यंत आणि मोठ्यांमागे २५० पर्यंत थेट घरोघर गेले. आई विवाहित आहे का, काम करते का, रात्री घरात कोण असतं, हे कुणी विचारलं नाही. अगदी काहीच न कमावणाऱ्या आईलाही पूर्ण रक्कम. जनगणना विभागाच्या पूरक मोजमापाप्रमाणे त्या वर्षी मुलांमधली गरिबी ५.२ टक्क्यांवर उतरली. सिनेटमध्ये मुदतवाढीला पुरेशी मतं मिळाली नाहीत. आई काम करते की नाही ही अट नसणं, हा विरोधाचा एक मोठा मुद्दा होता. जानेवारी २०२२ मध्ये पैसे आले नाहीत आणि त्या वर्षाचा आकडा १२.४ टक्के निघाला.

इथे थांबतो. वीस मिनिटं आहेत, प्रश्न घेऊ या.